बंदरावरचा बावटा

आमच्या रत्नागिरीच्या बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मिरकरवाड्याच्या होड्या बाहेर पडत नाहीत. एखादे वेळी वादळ भलतीकडेच वळते आणि दिवसभर लख्ख ऊन पडते. पण म्हणून बावटा लावणाऱ्याला खोटारडा म्हणणारा खलाशी मी अजून पाहिलेला नाही. भाकीत खरे ठरावे म्हणून ते करायचे नसते, माणसे वाचावीत म्हणून करायचे असते, हे दर्यावर्दी लोकांना कुणी शिकवावे लागत नाही.

मला मात्र ते शिकावे लागले, आणि तेही एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात. पावसाळ्यातल्या एका रात्री आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, झोपेत मण्यार चावली. पहाटेपर्यंत पापण्या मिटल्या, मग श्वासही मंदावला. प्रतिविष दिले, घशातून श्वासनलिकेत नळी घातली, कृत्रिम श्वसनयंत्र लावले. संध्याकाळी वहिनींनी विचारले, “डॉक्टर, धोका टळला ना आता?” ते म्हणाले, “विषाचा टळत आलाय, वहिनी. आता फुप्फुसाचा मोजायला घ्यायचा. त्यांचे दात स्वतःचे आहेत की कवळी?”

दातांचा आणि फुप्फुसाचा काय संबंध? त्या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले.

परक्याच्या छातीत वारा भरण्याची कल्पना जुनीच. १५४३ साली व्हेसेलियसने प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकर मारल्याचे लिहून ठेवले आहे. पण ती कल्पना माणसांच्या खऱ्या उपयोगी पडली ती कोपनहेगनला, १९५२ च्या पोलिओच्या साथीत. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ जण गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. मग वैद्यकीचे शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढे हातांची जागा यंत्रांनी घेतली, आणि अतिदक्षता विभाग जन्माला आला. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रोग्यांवर अशाच पद्धतीने केलेले काम प्रसिद्ध आहे.

परंतु ज्या नळीने प्राण आत जातो, तिच्यावाटे आणखीही काही जाते. निरोगी माणसाच्या गळ्यात एक दक्ष द्वारपाल असतो. लाळेचा थेंब चुकून आत उतरला तरी ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. नळी घातली की ते दार उघडेच राहते, आणि गुंगीतल्या वा लुळ्या माणसाला ठसका येत नाही. नळीभोवती फुगा फुगवलेला असतो खरा. पण लाळ त्याच्यावर साचते आणि कडेने झिरपते. यंत्रावर दोन दिवस काढल्यानंतर जो न्यूमोनिया होतो, तो बहुधा या वाटेने आलेला असतो.

साठीच्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांना औषधी वाफारा देणाऱ्या उपकरणांतच जंतू सापडले. उपकरणे स्वच्छ केली, तरी दुखणे पुरते हटेना. मग जोहान्सन या डॉक्टरांनी रोग्यांचे घसेच तपासले. १९७२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा: अतिदक्षता विभागातल्या २१३ रोग्यांपैकी ९५ जणांच्या श्वसनमार्गात दवाखानी जंतूंनी आधीच ठाण मांडले होते. त्या ९५ पैकी २२ जणांच्या फुप्फुसाला संसर्ग झाला. उरलेल्या ११८ पैकी फक्त चौघांच्या. रोग उतरण्यापूर्वी त्याची पावले घशात उमटतात, हे कळले. दातांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

१९९८ साली कॅनडातल्या डेबोरा कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक रोग्यांचा दिवसवार हिशेब मांडला. पाचव्या दिवशी त्या एका दिवसाचा धोका शेकडा ३.३, दहाव्या दिवशी २.३, पंधराव्या दिवशी १.३. म्हणजे पहिले दिवसच अधिक जपण्याचे. पण धोका रोज थोडाथोडा साचत जातो, म्हणून एक दिवस जरी कमी करता आला तरी तो मोलाचा. पुढच्या वर्षी बार्सेलोनाच्या डॉक्टरांनी दाखवले, की सपाट निजवलेल्यांपैकी शेकडा ३४ जणांत न्यूमोनियाचा संशय आला, तर डोक्याकडची बाजू उचललेल्यांपैकी शेकडा ८ जणांत. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही. पण खाट उचलायला काय पैसे पडतात? आता संगणकही नाडी, ताप, प्राणवायू यांचे आकडे चाळून कुणाला धोका अधिक ते वर्तवू पाहतात. ते सांगोत बापडे; पण त्यानंतर करायचे काम परिचारिकेच्या हातांचेच राहते.

अण्णांच्या खाटेपाशी तेच चालले होते. डोक्याची बाजू उंच, दर पाळीला तोंड पुसणे, फुग्यातला दाब पाहणे, आणि रोज सकाळी डॉक्टरांचा एकच प्रश्न: “आज नळी काढता येईल का?” पाचव्या सकाळी उत्तर ‘हो’ असे आले. फुप्फुसे स्वच्छ होती.

घरी आल्यावर अण्णांनी पहिली वाटी पेज घेतली आणि तक्रारींचे गाठोडे सोडले. “मेल्यांनी धड सपाट झोपू दिलं नाही! सारखं तोंडात काहीतरी खुपसायचे. आणि एवढं करून झालं काय मला? काही नाही!”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीतून बंदराकडे पाहिले. त्या दिवशीही बावटा होता, आणि समुद्र अगदी शांत होता.