पैनगंगेकाठचे बाबा फरीद

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथला सापडलेला संस्कृत शिलालेख परमार जगद्देवाच्या काळातला आहे. निंबादित्याच्या मंदिराची नोंद त्यात आहे. पुढे देवगिरीच्या यादवांची सत्ता वाढली आणि 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. शाळेच्या पुस्तकात दख्खनमधल्या इस्लामची गोष्ट इथूनच सुरू होते. पैनगंगेकाठी मात्र ती एका अशा माणसाभोवती फिरते, ज्याने दख्खन कधी पाहिलेच नव्हते.

शेख फरीदुद्दीन गंजशकर, म्हणजेच बाबा फरीद. जन्म मुलतानजवळचा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबातल्या अजोधनला, आजच्या पाकपट्टणला, त्यांचे निधन झाले आणि कबरही तिथेच आहे. तरीही जैनथहून पैनगंगेच्या वरच्या अंगाला गेले की माहूरजवळ वझरा शेख फरीद नावाचे गाव लागते. तिथे धबधबा आहे आणि दर्गाही. नदी ओलांडून उत्तरेला वर्धा जिल्ह्यात गेले तर गिरडची टेकडी येते. बाबा इथे राहिले, अशी तिथली श्रद्धा. टेकडीवर नारळ-सुपारीच्या आकाराचे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, असे लोक सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना बेसाल्टच्या पोकळ्यांत साचलेली खनिजे म्हणतात. भाविकांना त्याने काही फरक पडत नाही.

मग हे नाव इतक्या दूर आले कसे? बाबांचे शिष्य दिल्लीचे निजामुद्दीन औलिया, आणि त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानी केली, तेव्हा दिल्लीतले काझी, कारकून, सैनिक यांच्याबरोबर सूफीही दख्खनमध्ये आले. बुऱ्हाणुद्दीन 1337 मध्ये वारले. खुलदाबादला त्यांची कबर आहे. राजधानी पुन्हा दिल्लीला गेली, पण सूफींचा मठ, म्हणजे खानकाह, राहिला. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला त्यांचेच नाव मिळाले, तर समोरच्या तीरावरच्या झैनाबादला त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन यांचे. बाबांच्या परंपरेतल्या या चिश्ती सूफींचे वजन एवढे होते की राजे शहरांना त्यांची नावे देत. मग डोंगरातल्या एखाद्या दर्ग्याला थोरल्या गुरूचे नाव लाभले, यात नवल ते काय!

सत्तेची वाट वेगळी होती, आणि ती माहूरवरून जात होती. 1347 मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. पुढे बहमनी वजीर महमूद गावानने मोठे सुभे तोडले, तेव्हा वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. नंतर इमादशाही, निजामशाही, मोगल. मधल्या जंगलात गोंड राजे आपापला कारभार करतच होते. 1724 नंतर हा मुलूख हैदराबादच्या आसफजाही निजामाकडे गेला आणि 1948 पर्यंत तिथेच राहिला. या काळाचा ठसा मशिदींपेक्षा कचेरीत जास्त उमटला. तहसील, पेशकार, दस्त, फेरिस्त असे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसले. 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, तरी रयतेची बोली मराठी, तेलुगू किंवा गोंडीच राहिली.

गावपातळीवरचा इस्लाम मोहरममध्ये दिसतो. मराठीत त्याला पीर बसणे म्हणतात, तेलुगूत पीरला पंडुगा. पंजे सजतात, अलाव्याच्या खड्ड्यात आग पेटते आणि सवारी निघते. नवस बोलणाऱ्यांत आणि सवारी अंगावर घेणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही असतात. पैगंबरांचे नातू हुसेन यांचे करबलातले मरण 680 सालचे. त्याचा शोक इथे नवसाचा सण झाला. कट्टर मौलवींना ते कधी रुचले नाही. गाव मौलवींना विचारून पीर बसवत नव्हते.

बाबांच्या नावाचा तिसरा माग नांदेडला लागतो. शेख फरीदांची वचने गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला त्या गोदाकाठच्या सचखंड गुरुद्वारात ती आजही वाचली जातात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत माहूरसह किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला. मराठीही बोलणारे जैनथ मात्र आंध्रात गेले, आणि 2014 पासून ते तेलंगणात आहे.