काळी, पांढरी आणि ‘पक्के’ घर : वेळापूरच्या निमित्ताने

मराठी वाचकाला वेळापूर ठाऊक असते ते वारीमुळे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस सोडून वेळापुराजवळ येते, तेव्हा पंढरी जवळ आल्याच्या आनंदात वारकरी टेकडीच्या उतारावरून धावत सुटतात. हाच वेळापूरचा ‘धावा’. आम्ही मात्र तेथे गेलो होतो आषाढात नव्हे, तर भर उन्हाळ्यात, आणि आमच्या जाण्याला कारण होते ते अर्धनारीनटेश्वराचे देऊळ व तेथील यादवकालीन मराठी शिलालेख. लेखांविषयी लिहिण्याचा मनसुबा होता. परंतु दुपारी देवळाच्या दगडी मंडपात टेकलो आणि नंतर गावात एका स्लॅबच्या घरी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा दोन्हीकडच्या हवेतील फरकाने आमचा विषयच बदलला.

आज ‘पर्यावरणस्नेही वास्तुरचना’ हा शब्दप्रयोग सर्वत्र ऐकू येतो. त्याची तत्त्वे साधारणपणे अशी सांगितली जातात : सामग्री जवळची असावी, ती तयार करण्यास इंधन कमी लागावे, घराने ऊन-वारा-पाऊस ओळखून उभे राहावे, पाणी साठवावे, आणि घर पडले तरी त्यातील वस्तू पुन्हा वापरता याव्यात. ही तत्त्वे बाहेरून आली आहेत असा आपला समज असतो. वेळापूरसारख्या गावी ती भाषेतच सापडतात, आणि त्याचबरोबर ती कोठे अपुरी पडली याचाही इतिहास या प्रदेशाने भोगलेला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय विचार पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम देऊळ. येथील लेख देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या राजवटीतील, म्हणजे इ.स. 1300च्या आगेमागेचे. देवळाच्या या शैलीला आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. पण हे नाव जपून वापरावे लागते. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मंत्री. चुन्यावाचून दगडात दगड बसविण्याची कला त्याच्यापूर्वीच महाराष्ट्रात रुळलेली होती. अंबरनाथचे देऊळ 1060 सालचे, हे त्याचे ठळक उदाहरण. या पद्धतीत दख्खनच्या काळ्या पाषाणाचे घडीव चिरे स्वतःच्या वजनावर आणि खाचांवर उभे राहतात. चुना भाजण्याची भट्टी नाही, म्हणजे तेवढे सरपण वाचले. आणि देऊळ ढासळले तरी चिरा चिराच राहतो. पडलेल्या देवळांचे चिरे पुढे गावोगावच्या वेशींत, पारांत नि विहिरींत बसलेले दिसतात, ते यामुळेच. देवळालगतचा पायऱ्यांचा कुंडही याच विचारातला. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा मुलखात पाणी साठविणे हे मंदिररचनेचेच एक अंग होते.

परंतु देऊळ देवाचे. ते राजाश्रयाने होते. माणसांची घरे निराळ्या वस्तूची होती, आणि त्या वस्तूचे नाव आपल्या जुन्या कागदपत्रांत ठायी ठायी आहे : पांढरी. गावाच्या जमिनीचे दोन भाग, ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (1915) वाचणाऱ्यांना ही जोडी परिचित आहे. आपण तिला महसुली परिभाषा समजून पुढे जातो. वास्तविक तिच्यात बांधकामाचे शास्त्र आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हातहात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तडकते, आणि तिची भिंत घातली तर तीही टिकत नाही. पांढरी माती शेकडो वर्षांच्या वस्तीने बनलेली असते. राख, शेण, कुजलेला पाला, पडलेल्या भिंती यांची ती भुकटी. तिची फुगण्याची खोड गेलेली असते. घर बांधायचे तर या पांढरीची भिंत घालायची, आणि घर पडले की त्याची माती पुन्हा पांढरीत मिसळायची. तीच माती शेतकरी खत म्हणून काळीत नेऊन टाकीत. पुराणवस्तुसंशोधक जुन्या वस्तीचा माग काढतात तो अशाच पांढरीच्या टेकाडांवरून. घराचा कचरा म्हणून काही उरतच नसे.

या भिंतींवर माळवद. कोकणात पाऊस फार म्हणून छपरे उतरती. इकडे पाऊस थोडा म्हणून ती सपाट. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचण, त्यावर पाला आणि वर चोपलेली माती. दोन खांबांमधील जागा म्हणजे ‘खण’. घर किती मोठे हे चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगत. उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी माळवदाला ठेवलेले भोक म्हणजे ‘साणे’. पुढे ओसरी किंवा सोपा. तेथे ऊन अडते, माणूस अडत नाही. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला सुमारे दहा-बारा तास लागतात. तोवर बाहेर रात्र पडून गार झालेले असते, आणि घरची माणसे माळवदावर निजलेली असतात. चार-पाच इंचांच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून तीच उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे नेमकी संध्याकाळी, माणसे घरात परतण्याच्या वेळी.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे. ‘लीळाचरित्रा’त प्रसंग घडतात ते ओट्यांवर आणि पटिशाळांत, महानुभावांची ‘स्थानपोथी’ तर कोणते देऊळ कोणत्या गावी, त्याचे दार कोणत्या दिशेस, हे काटेकोरपणे नोंदविते. आपण हे ग्रंथ भाषेसाठी आणि तत्त्वज्ञानासाठी वाचतो. त्यांत वास्तूचा शब्दसंग्रह किती जिवंत आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. मोल्सवर्थच्या कोशाची पाने चाळली तरी घराच्या एकेका लाकडाला किती नावे होती ते कळते. कारागीर ज्या वस्तूला वेगळे नाव देतो, तिचे काम त्याला वेगळे कळलेले असते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की चला, पुन्हा मातीच्या घरांकडे. आम्ही तसे म्हणू शकत नाही. कारण वेळापूरच्या पूर्वेस, याच माळवदांच्या पट्ट्यात, किल्लारी आहे.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन माणसे झोपली होती. हजारो माणसे मेली, आणि बहुतांश मेली ती स्वतःच्या घराच्या दगडमातीखाली. ज्या जाड भिंतीने उन्हापासून राखले, तिनेच जीव घेतला. त्यानंतर या भागात मातीच्या घराविषयी जी धास्ती बसली, तिला अडाणीपणा म्हणणे हा शहरी उद्धटपणा होईल.

तरीही काय पडले आणि का पडले, हे पाहावेच लागते. दगडी भिंती दोन पदरांच्या होत्या. मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलेच नव्हते, त्यामुळे हादरा बसताच पदर सुटले. माळवद गळू लागले की वर आणखी मातीचा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, अशी सवय पडली होती. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती साचली, तर ते ओझे सुमारे सात टन होते. आणि याच भूकंपात असेही दिसले, की जेथे माळवद भिंतीवर न ठेवता लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर पेललेले होते, तेथे भिंती ढासळूनही अनेकदा सांगाडा उभा राहिला. म्हणजे ‘खण’ हा शब्द ज्या रचनेतून आला, तिच्यात शहाणपण होते. पुढे लाखाहून अधिक घरांच्या मजबुतीकरणाचा जो सरकारी कार्यक्रम झाला, त्यात सांगितलेले उपायही माळवदावरची माती कमी करा, भिंतींत आरपार दगड घाला, भिंती एकमेकींना बांधा, असेच होते. भारतीय मानक संस्थेने मातीच्या आणि कच्च्या दगडकामाच्या घरांसाठी भूकंपविषयक मार्गदर्शिका काढल्या, त्याही 1993 सालच्याच. दोष मातीचा होता तितकाच विसरलेल्या कसबाचा होता.

ही चर्चा मात्र गावांपर्यंत पोहोचली नाही. पोहोचले ते दोन शब्द, ‘कच्चे’ आणि ‘पक्के’. सरकारी घरकुल योजनांच्या यादीत मातीचे घर कच्चे, सिमेंटचे पक्के. या दोन शब्दांनी शेकडो शब्द पुसले. वास्तविक मातीची भिंत कच्ची की पक्की हे ती कोणी, कशी घातली यावर अवलंबून. आणि तेच सिमेंटलाही लागू आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा असतो, ही गोष्ट ‘पक्के’ या शब्दात मावत नाही. इजिप्तमध्ये हसन फतही आणि केरळात लॉरी बेकर यांनी गरिबाच्या घराचा विचार करताना हेच ओळखले, की प्रश्न कोणती वस्तू वापरली एवढाच नसून ती हाताळणारा हात शाबूत आहे की नाही, हा आहे.

म्हणून आमच्या मते या विषयाचे मुख्य तत्त्व सामग्रीत नाही, राखणीत आहे. माळवद दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहावे लागे. जुनी माती उतरवून नवी चोपावी लागे. हे ज्याला माहीत होते त्याचे घर टिकले. पुढच्या पिढीला क्रिया आठवली, कारण आठवले नाही. तिने नुसती माती वर टाकली. परंपरा अशी अर्धी लक्षात राहते तेव्हा ती पूर्ण विस्मरणापेक्षा घातक ठरते. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगायला नको.

नीरेच्या कालव्याने माळशिरस तालुक्याचा बराच भाग आज उसाचा झाला आहे. घरे स्लॅबची आहेत, आणि ती बांधणाऱ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. वर्षाला माळवद चोपायला घरात माणूस नाही, लाकूड परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आमची विनंती आपल्या वर्गांपुरती आहे. या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाचा स्वाध्याय द्यायचा असेल, तर घरातील वृद्धांना विचारून जुन्या घराच्या भागांची नावे लिहून आणायला सांगावीत, आणि प्रत्येक नावापुढे तो भाग काय काम करीत असे तेही. वेळापूरच्या त्या घरी आजीबाईंनी आम्हांला पाणी देताना वर स्लॅबकडे बोट दाखवून सांगितले, “याला साणंच न्हाई.” आम्ही तो शब्द कोशात वाचला होता; बोलण्यात प्रथमच ऐकला.