शेवंती : नाव, प्रकार व उपयोग – एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : पारोळा व खानदेश परिसर)

प्रस्तावना :

जळगाव जिल्ह्यातील पारोळा हे तालुक्याचे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते तेथील भुईकोट किल्ल्यामुळे. हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये हा किल्ला बांधला असे मानले जाते. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या जहागिरीचा संबंध होता. १८५७ च्या उठावानंतर १८५९ मध्ये इंग्रज सरकारने जहागीर जप्त केली व किल्ला मोडून टाकला. जहागीर, जप्ती, सारा, कापूस, बाजार यांच्या नोंदी सरकारी दप्तरात होत राहिल्या. मात्र ज्या गोष्टीवर सारा बसत नाही तिची नोंद दप्तर सहसा ठेवत नाही. घराच्या अंगणात, विहिरीच्या काठी किंवा देवळाच्या आवारात लावलेले फुलझाड हे अशाच नोंदीबाहेरच्या गोष्टींपैकी एक होय.

शेवंती हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आश्विनात होणारा बालाजीचा ब्रह्मोत्सव व रथोत्सव ही पारोळ्याची ओळख आहे. तेथून दिवाळी, चंपाषष्ठी, मार्गशीर्षातील गुरुवार आणि दत्तजयंतीपर्यंत खानदेशातील देवघरांत व फुलबाजारांत शेवंतीचे स्थान मोठे आहे. त्यामुळे हे फूल येथे पूर्वापार असावे असा समज सहजच होतो. हा समज कितपत टिकतो याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ‘शेवंती’ या नावाचा इतिहास तपासणे.
२) शेवंतीचे प्रमुख प्रकार व उपयोग यांचा आढावा घेणे.
३) फुलांच्या नावांचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग करताना घ्यावयाची दक्षता स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) नाव जुने, वनस्पती वेगळी

आज मराठीत शेवंती म्हटले की जी वनस्पती डोळ्यांसमोर येते ती सूर्यफुलाच्या कुलातील, म्हणजे ॲस्टरेसी कुलातील, क्रिसॅन्थेमम होय. या ग्रीक नावाचा अर्थ ‘सोनेरी फूल’ असा आहे. परंतु ‘सेवंती’ किंवा ‘सेवती’ हे नाव भारतीय भाषांत सर्वत्र याच फुलाचे नाही. हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब, तर आपल्या शेवंतीला तेथे ‘गुलदाउदी’ म्हणतात. कन्नडमधील ‘सेवंतिगे’ आणि तमिळमधील ‘सेव्वंदी’ या शब्दांनी मात्र मराठीप्रमाणेच क्रिसॅन्थेममचा बोध होतो. म्हणजेच एकाच शब्दकुळाचा अर्थ उत्तरेत गुलाब आणि दख्खन व दक्षिणेत शेवंती असा विभागला गेला आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त सुगंधी फुलांचे वर्णन केले आहे. त्यातील ‘सेवती’ हे फूल गुलाबासारखे, पण आकाराने लहान, मोजक्या पाकळ्यांचे आणि मध्यभागी सोनेरी केसर असलेले आहे. हे वर्णन शेवंतीस लागू पडत नाही, गुलाबास पडते. शेवंतीच्या फुलात केसर असे ठळक दिसतच नाहीत. जे एक फूल दिसते तो वस्तुतः शेकडो सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो.

यावरून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. जुन्या ग्रंथात, लोकगीतात किंवा पूजाविधीच्या वर्णनात ‘सेवंती’ हा शब्द आढळला म्हणजे तेथे आजची शेवंतीच अभिप्रेत आहे असे गृहीत धरता येत नाही. रचनेचा काळ, प्रदेश आणि फुलाचे वर्णन या तिन्ही गोष्टी तपासल्यावाचून त्या शब्दाचा अर्थ निश्चित करणे धोक्याचे ठरते. खानदेश हा मराठी, हिंदी व गुजराती या भाषांच्या सीमेवरील प्रदेश असल्याने येथे ही दक्षता अधिकच आवश्यक आहे.

ब) मूळ भूमी व प्रवास

शेवंतीची मूळ भूमी पूर्व आशिया, मुख्यतः चीन होय. शरद ऋतूत फुलणाऱ्या पिवळ्या फुलाचा उल्लेख प्राचीन चिनी ग्रंथांत आहे. ताओ युआनमिंग (इ.स. ३६५ ते ४२७) या कवीमुळे हे फूल निवृत्त, निःस्पृह जीवनाचे प्रतीक बनले. इ.स. ११०४ मध्ये लिऊ मेंग याने शेवंतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिच्या तीसहून अधिक प्रकारांचे वर्णन केले. जपानमध्ये सोळा पाकळ्यांची शेवंती हे सम्राटाचे राजचिन्ह ठरले. युरोपात मार्सेलचा व्यापारी ब्लांकार याने १७८९ मध्ये आणलेल्या रोपापासून तिच्या बागायती लागवडीचा खरा प्रारंभ झाला.

भारतात मात्र ती त्यापूर्वीच पोहोचली होती. केरळातील डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८ ते १६९३) या बारा खंडांच्या ग्रंथातील दहाव्या खंडात तिचे चित्र आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये ‘क्रिसॅन्थेमम इंडिकम’ हे नाव देताना त्याच चित्राचा आधार घेतला. ‘इंडिकम’ म्हणजे भारतातील. वस्तुतः ही जाती चीनकडील आहे. लोकभाषेतील नावाप्रमाणे शास्त्रीय नावही अशा प्रकारे मूळ स्थानाविषयी दिशाभूल करते. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारच्या बागांत ही वनस्पती रुळलेली होती.

शास्त्रीय नावाचा वाद पुढेही चालू राहिला. १९६१ मध्ये बागेतील शेवंतीला ‘डेन्ड्रॅन्थिमा’ या वेगळ्या प्रजातीत टाकण्यात आले. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘क्रिसॅन्थेमम’ हे नाव तिला पुन्हा मिळाले.

क) शेवंतीचे प्रकार

शेवंती ही बहुवर्षायू वनस्पती आहे. तिच्या फुलात कडेची ‘किरणपुष्पके’ आणि मध्यभागाची ‘बिंबपुष्पके’ असे दोन भाग असतात. त्यांच्या रचनेवरून पुढील प्रकार पाडले जातात.

१) एकेरी : कडेला पाकळ्यांच्या थोड्या ओळी व मध्ये पिवळी चकती.
२) ॲनिमोन : मध्यभाग उशीसारखा फुगीर.
३) पॉम्पॉन : लहान, घट्ट, गोल फुले.
४) अंतर्वक्र व बहिर्वक्र : पाकळ्या आत किंवा बाहेर वळलेली मोठी फुले. प्रदर्शनात यांना विशेष मान असतो.
५) चमचा, नळी व कोळी : पाकळ्यांचे टोक चमच्यासारखे, पाकळी नळीसारखी किंवा कोळ्याच्या पायांसारखी लांब व वळलेली.

व्यवहारात मात्र शेतकरी व फुलविक्रेते उपयोगावरून वर्गीकरण करतात : हारासाठी सुटी फुले, गुच्छासाठी दांड्याची फुले आणि कुंडीसाठी बुटकी झाडे. महाराष्ट्रात सुट्या फुलांसाठी झिपरी, राजा, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी, सोनाली तारा, बग्गी ही नावे प्रचलित आहेत. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा न खुडता व आधार न देता वाढणारे बुटके वाण विकसित केले आहेत.

ड) ऋतुमान व सणवार

शेवंती ही ‘अल्पदिन’ वनस्पती आहे. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली की ती कळी धरते. फुलण्याची सूचना पानांत तयार होऊन शेंड्याकडे जाते, हे रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान याने १९३० च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखविले आणि त्या अज्ञात द्रव्यास ‘फ्लोरिजन’ असे नाव दिले.

सणांच्या दिनदर्शिकेशी याचा थेट संबंध आहे. श्रावणात खानदेशात कानबाई बसते तेव्हा शेवंतीची केवळ पालवी वाढत असते. दसऱ्याचा मुख्य भार झेंडू वाहतो. दिवाळीपासून पुढे शेवंतीचा बहर वाढतो व मार्गशीर्षात ती मुबलक होते. मार्गशीर्षातील व्रतांशी तिचा जो संबंध जुळला, त्यामागे ही उपलब्धता हे एक सबळ कारण असावे. आता रात्री दिवे लावून बहर लांबविता येतो, तर काळ्या कापडाने झाकून तो अलीकडे आणता येतो. परिणामी बाजारात ती अवेळीही दिसते.

इ) शेवंतीचे उपयोग

धार्मिक व अलंकारिक उपयोग : हार, वेणी, तोरण, मूर्तीची आरास व मंडपशोभा यांसाठी तिचा वापर सर्वाधिक होतो. फूल अनेक दिवस टिकते व सहज गळून पडत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

औषधी उपयोग : चीनमध्ये वाळलेल्या फुलांचा चहा पिण्याची प्रथा जुनी असून तेथील पारंपरिक वैद्यकात डोळ्यांचे विकार व ज्वर यांसाठी ती वापरली जाते. दुसऱ्या बाजूस, काहींना तिच्या स्पर्शाने त्वचादाह होतो. गाजरगवत हे याच कुलातील असल्याने त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी शेवंती हाताळताना काळजी घेणे इष्ट ठरते.

कीटकनाशक : शेवंतीची नातलग असलेली पायरेथ्रम ही वनस्पती पूर्वी क्रिसॅन्थेमम प्रजातीतच गणली जाई. ॲड्रिॲटिक समुद्राकाठच्या डाल्मेशिया प्रांतातील तिच्या वाळलेल्या फुलांची पूड एकोणिसाव्या शतकात कीटकनाशक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यातील द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत कृत्रिम पायरेथ्रॉइडे तयार झाली. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे मायकेल इलियट यांच्या गटाने १९७३ मध्ये परमेथ्रिनची माहिती प्रसिद्ध केली. त्याच गटातील सायपरमेथ्रिन भारतातील कापूसपट्ट्यात बोंडअळीविरुद्ध फवारले गेले. अतिवापरामुळे १९८७ मध्ये आंध्र प्रदेशात बोंडअळीची प्रतिकारशक्ती दिसून आली. शेवंतीच्या कुळाशी कापूसपिकविणाऱ्या प्रदेशाचा आलेला हा संबंध देवघरातील संबंधाहून अगदी निराळा आहे.

फ) वाण टिकविण्याचा प्रश्न

बागेतील शेवंतीची लागवड बियांपासून सहसा होत नाही, कारण बियांपासून मूळ वाणाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. बहर संपल्यावर बुंध्याभोवती फुटणाऱ्या काश्यांपासून किंवा शेंड्याच्या छाटांपासून नवी रोपे करतात. म्हणून प्रत्येक रोप हे आधीच्या रोपाचेच पुढे चालू राहिलेले शरीर असते. एखादा वाण एका वर्षी सर्वांनी लावणे सोडले तर बियाण्याच्या कोठीतून तो परत आणता येत नाही.

खानदेशात ही अडचण अधिक तीव्र आहे. येथील उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि नेमका तोच काळ मातृरोपे जगविण्याचा असतो. सावली व रोजचे थोडे पाणी एवढ्यावर ती तगतात. मोठ्या शेतीपेक्षा घरगुती अंगणातच हे सहज साधते. अंगणे आक्रसली, रोपवाटिकेतून दरवर्षी नवीन रोपे आणण्याची सवय लागली आणि सजावटीत प्लास्टिकची फुले आली, की जुने वाण कोणी ठरवून नष्ट न करताही नाहीसे होऊ शकतात. दप्तरात नोंद नसलेल्या वनस्पतीचा हा एकमेव जिवंत पुरावा असल्याने ही हानी केवळ बागायतीची नसून इतिहासाचीही आहे.

निष्कर्ष :

१) ‘सेवंती’ हे नाव एका वनस्पतीशी कायम बांधलेले नाही. उत्तरेत ते गुलाबाचे राहिले, तर दख्खन व दक्षिणेत क्रिसॅन्थेममचे झाले.

२) चीनकडून आलेले हे फूल येथील पूजेत इतके सामावले की ते परके वाटत नाही. मेक्सिकोकडून आलेला झेंडू व निशिगंध यांविषयीही हेच म्हणता येते. परंपरा फुलाची जागा जपते. त्या जागी येणारी वनस्पती कालानुसार बदलू शकते. ‘पारंपरिक’ म्हणजे ‘मूळचे येथील’ असे समीकरण इतिहासाच्या अध्यापनात टाळले पाहिजे.

३) शेवंतीचा सणांशी असलेला संबंध तिच्या ऋतुस्वभावाशी निगडित आहे.

४) पारोळा परिसरातील महाविद्यालयांनी इतिहास, मराठी व वनस्पतिशास्त्र या विभागांच्या सहकार्याने परिसरातील शेवंतीच्या वाणांची स्थानिक नावे, ती रोपे कोठून आली याची घरोघरची माहिती आणि प्रत्यक्ष रोपे एकत्र करावीत. महाविद्यालयाच्या बागेत सावलीची एक ओळ व उन्हाळ्यातील पाणी एवढी तजवीज त्यासाठी पुरेशी आहे. अहिराणी गीते व म्हणी संकलित करणाऱ्यांनी फुलाचे नाव टिपताना गाणाऱ्या व्यक्तीकडून ते फूलही दाखवून घ्यावे. नाव आणि फूल एकत्र नोंदले गेले, तरच पुढील अभ्यासकास या दोहोंतील अंतर मोजता येईल.