शनिवारची सहल, सोमवारची गाडी

मंडळी, 'वीकेंड' हा शब्द आमच्या पिढीला फार उशिरा भेटला. आमच्याकडे होता तो रविवार, आणि शनिवारी सकाळची शाळा. आता लेस्टरला शिकणारी नात शुक्रवारी रात्रीच फोनवर बजावते, "आजोबा, उद्या आम्ही बाहेर जाणार आहोत. फोन नाही उचलला तर काळजी करू नका हं!"

मध्यंतरी ती चार मैत्रिणींबरोबर लाफबरोला जाऊन आली. तिथे स्वयंसेवकांनी जपलेली वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, ग्रेट सेंट्रल रेल्वे. लाफबरो ते लेस्टर नॉर्थ, साधारण आठ मैल. फोटो आले. गाडीचा धूर, लाकडी बाके आणि डब्यात नेलेली पोळीभाजी!

जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे लेस्टर आणि लाफबरो ही दोन नावे शेजारी दिसताच मला टॉमस कुक आठवला. लेस्टर स्टेशनाबाहेर त्याचा पुतळा आहे. नात त्याच्यासमोरून कितीदा गेली असेल, पण हा गृहस्थ कोण, हे तिला ठाऊक नव्हते.

कुक हा सुतारकाम करणारा, दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लाफबरोला दारूबंदीच्या सभेला नेले. अंतर अकरा-बारा मैल, जाऊन-येऊन भाडे एक शिलिंग, डबे उघडे. (नातीची गाडी वेगळ्या मार्गावरची, बरं का. तो मार्ग पुढे कित्येक वर्षांनी झाला.) सहलीची गाडी काढणारा कुक पहिला नव्हे. पण त्याचा पुढे मोठा व्यवसाय झाला, आणि ती कंपनी २०१९ साली बुडाली.

आता गंमत बघा. ५ जुलै १८४१ हा वार होता सोमवार! सहल आणि सोमवारी? कारण शनिवार तेव्हा कामाचा पूर्ण दिवस होता आणि रविवार देवाचा. मग कारागीर मंडळी सोमवारी दांडी मारत. त्याला थट्टेने 'संत सोमवार' म्हणत, जणू कुणा संताचा सणच! पुढे १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले. शनिवारची अर्धी सुट्टी हळूहळू रुजली आणि संत सोमवार मागे पडला. दुकानातल्या नोकरांना मात्र आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळायला १९११ चा कायदा यावा लागला.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. एवढ्याशाच! एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सहा दिवस आम्हाला ते दिसायचे ते झोपलेले, नाहीतर कामावर निघालेले. रविवारी मात्र आम्हा भावंडांना घेऊन राणीच्या बागेत जात. हत्ती बघायचा, चणे खायचे, चालत घरी. वडील माझ्याशी निवांत बोलत ते त्याच वाटेवर. लोखंडे हे नाव तेव्हा घरात कुणी उच्चारल्याचे आठवत नाही. पण त्यांनी मिळवलेला तो दिवस आम्ही पुरेपूर वापरला.

हे सगळे नातीला सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, पण त्या शनिवारी माझी दुकानात पाळी होती. दुसऱ्या मुलीशी बदलून घेतली, म्हणून जाता आले." तिकडे शिकणाऱ्या परदेशी मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते, आणि अनेकांचे हे तास शनिवार-रविवारीच जातात. म्हणजे पाचजणींच्या त्या एका दिवसासाठी सहावी कुणीतरी गल्ल्यावर उभी होती.

सुट्टी ही आपोआप उगवत नाही, मंडळी. कुणीतरी ती मागितलेली असते आणि बहुधा आजही कुणीतरी आपल्या वाटची देत असते. नातीला एवढेच सांगितले, की पुढच्या शनिवारी त्या मुलीची पाळी तू घे. ती म्हणाली, "घेतलीये आधीच!"

असो. आज इतकेच.