मावळची वस्ती आणि संततिनियमन
भोर-वेल्ह्याच्या इतिहासांतील एक दुर्लक्षित प्रकरण

भोर संस्थानाविषयीं आजवर जें लेखन झालें तें बहुतेक पंतसचिवांची वंशावळ, किल्ल्यांची घेवदेव व देशमुखांचे वतनी कज्जे यांसंबंधीं आहे. या कागदांत मूल जन्मास येतें तें वारसाच्या निमित्तानें, आणि मूल नसलें तर दत्तविधानाचा कज्जा उभा राहतो. मुलास जन्म देणारी बाई महजरांत किंवा करिन्यांत क्वचितच दिसते. तिच्या जीविताचा विचार राज्यकर्त्यांनीं केव्हां व कोणत्या हेतूनें केला, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न आहे. विषय अर्वाचीन आहे, परंतु त्याचें मूळ शिवपूर्वकाळापर्यंत पोंचतें.

प्रथम एक आंकडा. इ. स. 1901 च्या खानेसुमारींत भोर संस्थानची लोकसंख्या 1,37,268 भरली. क्षेत्रफळ 925 चौरस मैल. दहा वर्षांपूर्वींच्या मानानें वस्ती शेंकडा सुमारें 12 नीं घटली होती. हा आंकडा वाचतांना सावधगिरी ठेवली पाहिजे. संस्थानांत विचित्रगड, राजगड, प्रचंडगड व पवन मावळ या घाटमाथ्याकडील तालुक्यांबरोबर घाटाखालचा सुधागडही होता. तेव्हां ही घट केवळ आजच्या भोर व वेल्हें तालुक्यांची म्हणतां येत नाहीं. शिवाय मेलेले व परागंदा झालेले हे दोन्ही त्यांत मिसळलेले आहेत. तरी कारणें उघड आहेत. 1896-97 चा दुष्काळ, त्याच सुमारास मुंबईहून पुण्यास आलेला प्लेग, आणि पाठोपाठ 1899-1900 चा दुसरा दुष्काळ, यांतून सह्याद्रीचीं हीं खोरीं सुटलीं नाहींत.

माणसें कमी होणें ही या मुलखाची जुनी व्यथा आहे. 1630 च्या दुष्काळानें व स्वाऱ्यांनीं पुणें प्रांत ओस पडला. त्यानंतर दादाजी कोंडदेवानें बारा मावळांत पुन्हां वस्ती केली, ती कौल देऊन व इस्तावा लावून. इस्तावा म्हणजे पडीत जमिनीवर पहिल्या वर्षीं नाममात्र सारा घेऊन तो दरसाल चढवीत नेणें. गुंजण मावळ, कानद खोरें, हिरडस मावळ, वेळवंड खोरें, रोहिड खोरें येथें राजसत्तेचें बळ माणसांच्या संख्येवर अवलंबून होतें. नांगर धरण्यास व गडावर चाकरीस माणूस हवा असे. ज्या गांवीं कुळें जास्त तें गांव भरभराटीचें, अशी सरकारची व पाटलाचीही समजूत. या हिशेबांत बाळंतपणांत दगावलेली बाई धरलेली नसे.

सुमारें तीनशें वर्षांनंतर याच खोऱ्यांस सरकारनें उलट आज्ञा केली, कीं मुलें थोडीं होऊं द्या. हें स्थित्यंतर कसें घडलें हें पाहण्यास क्षणभर मावळ सोडून मुंबईस गेलें पाहिजे.

1921 सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. त्याच वर्षीं मार्चमध्यें लंडन येथें मेरी स्टोप्स बाईंनीं आपला दवाखाना उघडला होता. तेव्हां या बाबतींत मराठी मनुष्य विलायतेच्या मागें नव्हता, हें नमूद करण्यासारखें आहे. कर्वे विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत. या कार्यामुळें त्यांस ती जागा सोडावी लागली. जुलै 1927 पासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, तें 1953 सालीं त्यांचा अंत होईपर्यंत. अश्लीलतेच्या आरोपाखालीं त्यांजवर खटले झाले. 1934 च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचा मुद्दा राष्ट्राच्या लोकसंख्येचा कमी व स्त्रीच्या स्वातंत्र्याचा अधिक होता, आणि लोकांस राग आला तो याचाच. लोकसंख्येचा मुद्दा अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून पचला असता.

पुढें 10 नोव्हेंबर 1938 रोजीं मुंबई कायदेमंडळांत संततिनियमनाच्या प्रसारासाठीं बिनसरकारी ठराव आला. तो डॉ. आंबेडकरांच्या पक्षाचा असून, ते स्वतः गैरहजर असल्यामुळें प्रभाकर रोहम यांनीं मांडला. प्रसूतीच्या वेदना पुरुषांस सोसाव्या लागत्या तर एकाहून अधिक मुलास कोणी तयार झाला नसता, असा युक्तिवाद त्या भाषणांत आहे. ठराव नामंजूर झाला. त्याच वर्षीं शकुंतला परांजपे यांनीं पुण्यांत संततिनियमनाच्या कार्यास आरंभ केला व तें पुढें अनेक वर्षें चालविलें. पुणें ते भोर अंतर अवघें पन्नास किलोमीटरांच्या आसपास. परंतु मासिक वाचणारा वर्ग व तोरण्याच्या पायथ्याची नाचणी पेरणारी बाई यांतील अंतर मैलांत मोजण्यासारखें नव्हतें. तिला सुईण ठाऊक होती, दवाखाना नव्हे.

बाळंतपण म्हणजे तेव्हां काय होतें, हें सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 1946 च्या अहवालावरून कळतें. (ही समिती अध्यक्षांच्या आडनांवानें ओळखली जाते, भोर संस्थानशीं तिचा संबंध जोडण्याची चूक वाचकानें करूं नये.) हिंदुस्थानांत दर हजार जिवंत जन्मांमागें सुमारें 20 माता दगावत, आणि 1937 सालीं हजारीं 162 बालकें वर्षाच्या आंत मरत. ही सबंध देशाची सरासरी. पावसाळ्यांत नद्यानाल्यांनीं तुटणाऱ्या खोऱ्यांत स्थिति याहून बरी असण्याचें कारण दिसत नाहीं. अशा ठिकाणीं बाई सहा-सात वेळां बाळंत होई ती हौसेनें नव्हे. त्यांतलीं किती जगतील याचा भरंवसा नसे, आणि दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याचें साधनही नसे.

8 मार्च 1948 रोजीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढच्याच वर्षीं मुंबईंत धन्वंती रामा राव यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेंत सरकारनें या कामीं 65 लक्ष रुपये राखून ठेविले आणि 1952 सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईस जागतिक परिषद भरून आंतरराष्ट्रीय संघाचा जन्म झाला. म्हणजे ज्या जागतिक धोरणाविषयीं आज न्यूयॉर्क व जिनीव्हा येथें चर्चा होते, त्याचें एक जन्मस्थान मुंबई होय. परंतु कर्व्यांचा विचार सरकारच्या हातीं गेला तेव्हां त्यांतली बाई मागें पडली व डोकीं पुढें आलीं. किती शस्त्रक्रिया झाल्या हा यशाचा मापदंड झाला. जिल्ह्यास, तालुक्यास, गांवास उद्दिष्टें ठरून आलीं. इस्ताव्याचा हिशेब जसा कुळांच्या संख्येवर, तसा हा शिबिरांतील नांवांच्या संख्येवर; फरक एवढाच कीं येथें वजाबाकी मोजीत.

आणीबाणींत या वजाबाकीची परिसीमा झाली. 1976-77 या एका वर्षांत देशांत सुमारें 82 लक्ष नसबंद्या झाल्या, त्यांत सुमारें 62 लक्ष पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळानें 1976 सालीं सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तो कायदा झाला नाहीं, हें राज्याचें सुदैव. 1977 च्या निवडणुकीनंतर पुरुष या कार्यक्रमांतून जवळजवळ बाहेर पडला आणि सर्व भार स्त्रीवर आला. राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (2019-21) महाराष्ट्रांत शेंकडा सुमारें 49 विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळते; पुरुषांचें प्रमाण शेंकडा अर्धेंही नाहीं. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया लहान व सोपी, स्त्रीची पोट उघडून किंवा दुर्बिणीनें करावयाची. भातलावणींत गुडघाभर चिखलांत वांकून राबणाऱ्या बाईस यांतलें कोणतें सोसतें, हा विचार उद्दिष्टाच्या तक्त्यांत बसत नव्हता.

पुण्यांत मात्र वेगळी परंपरा चालू होती. 1944 सालीं डॉ. बानू कोयाजी राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयांत रुजू झाल्या. पुढें त्यांनीं शिरूर तालुक्यांतील वढू येथें ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. गांवांतल्याच मुली-बायकांस शिकवून त्यांच्यामार्फत घरोघर पोंचावयाचें, आणि आधीं माता व बालक जगवावयाचें, मग कुटुंब लहान ठेवण्याची गोष्ट काढावयाची, असा त्यांचा क्रम होता. आमच्या मतें सर्व प्रकरणाची किल्ली या क्रमांत आहे. जन्मलेलें मूल जगेल अशी खात्री पटल्यावांचून कोणतीही आई तिसऱ्या मुलास नको म्हणत नाहीं, आणि खात्री पटल्यावर तिला सांगावें लागत नाहीं. वढू हा सपाटीचा मुलूख. वेल्ह्याच्या डोंगरांत हें काम दसपट कठीण. भाटघर, पानशेत, वरसगांव या धरणांच्या पाण्यानें येथील खोऱ्यांतल्या जुन्या वाटा बुडविल्या. पाणी खालच्या शेतांस व पुणें शहरास गेलें, आणि कांठावरच्या वाड्यांतली अडलेली बाई पाण्याला वळसा घालून दवाखान्यास नेण्याची पाळी आली. असो.

1994 सालीं कैरो येथें 179 राष्ट्रांची परिषद भरली. तिनें लोकसंख्येचीं उद्दिष्टें बाजूस सारून स्त्रीचें प्रजनन-आरोग्य व तिचा निर्णयाधिकार हें धोरणाचें केंद्र ठरविलें. एप्रिल 1996 पासून भारत सरकारनेंही साधनवार उद्दिष्टें काढून टाकलीं. 2015 सालीं संयुक्त राष्ट्रांनीं शाश्वत विकासाचीं जीं ध्येयें ठरविलीं, त्यांत 2030 पर्यंत या सेवा सर्वांस मिळाव्या असें एक लक्ष्य आरोग्याखालीं व दुसरें स्त्री-समतेखालीं घातलें. हें दुसरें स्थान महत्त्वाचें. कर्व्यांनीं 1921 सालीं जें म्हटलें, तें जगानें मान्य करण्यास जवळजवळ पाऊण शतक घेतलें.

पण कैरोनंतर सातच वर्षांनीं, 12 सप्टेंबर 2001 ही मर्यादातिथि धरून, महाराष्ट्रानें दोहोंहून अधिक अपत्यें असणाऱ्यास ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरविलें. मुलगा हवा म्हणून तिसरें मूल होऊं देण्याचा निर्णय घरांत बहुधा कोण घेतो, हें सर्वांस ठाऊक आहे. राखीव जागेवरून निवडून आलेली बाई मात्र खुर्ची गमावते. त्याच दशकांत राज्यांतील सहा वर्षांखालील मुलींचें प्रमाण हजार मुलग्यांमागें 913 वरून 894 वर आलें. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशांत पहिला कायदा 1988 सालीं करणारें राज्यही महाराष्ट्रच. दोन्ही गोष्टी एकाच राज्याच्या दप्तरीं नोंदल्या आहेत.

2011 च्या खानेसुमारींत पुणें जिल्ह्याची लोकसंख्या 94,29,408 झाली. त्यांत भोर तालुका सुमारें 1 लक्ष 86 हजार आणि वेल्हें तालुका सुमारें 54 हजार, म्हणजे जिल्ह्यांत सर्वांत लहान. मनुष्यबळ मुंबईस व पुण्यास गेलेल्या या खोऱ्यांस लोकसंख्येच्या स्फोटाची भीति दाखविण्यांत अर्थ नव्हता व नाहीं. 2024 सालीं वेल्हें तालुक्याचें नांव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली. राजगडावर 5 सप्टेंबर 1659 रोजीं सईबाई निवर्तल्या. धाकटे संभाजीराजे तेव्हां दोन वर्षांचे होते. धाराऊ गाडे ही त्यांची दूधआई होती, ती याच भागांतील कापूरहोळची. गडाच्या इतिहासांत ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. खालच्या गांवांतून अशा किती सईबाई गेल्या याची नोंद कोणीं केली नाहीं.

ती नोंद अगदींच नाहीं असेंही नव्हे. गांव नमुना 14 व कोतवाल बुक यांत गांवचे जन्म-मृत्यु मोडींत व पुढें बाळबोधींत लिहिले आहेत. अलीकडे हीं बुकें जातीच्या रकान्यासाठीं पानोपान चाळलीं जात आहेत. मृताचें वय व मृत्यूचें कारण हे रकाने मात्र कोणी वाचीत नाहीं. वीस ते तीस वयाच्या बायकांच्या मृत्यूपुढें काय कारण लिहिलें आहे, आणि त्या आसपासच्या दिवसांत त्याच घरीं जन्म किंवा अर्भकाचा मृत्यु नोंदला आहे काय, एवढें ताडून पाहिलें तरी मावळचा एक अलिखित इतिहास हातीं येईल. भोर, नसरापूर, वेल्हें, पासली या बाजूच्या ज्या गांवकऱ्यांपाशीं अशीं बुकें किंवा त्यांच्या नकला असतील, त्यांनीं त्या वाळवी लागण्यापूर्वीं मंडळास दाखवाव्या. मोडी वाचनाचें काम आम्ही करूं.