स्टेंट बसल्यानंतरची वर्षे

रायपूरच्या शंकर नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी परवा गोळ्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला. "स्टेंट बसवून चार वर्षे झाली. नळी मोकळी झाली, मग ह्या कशासाठी?" मी भौतिकशास्त्राचा माणूस, औषध सांगणे माझे काम नव्हे. पण या 'कशासाठी'चे उत्तर बरेचसे इतिहासात आहे.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयधमनीत फुगा फुगवून अरुंद जागा प्रथमच रुंद केली. धमनीची भिंत मात्र लवचिक असते. फुगा काढला की ती आकसते, शिवाय जखम भरताना आतून पेशी वाढतात. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत काही महिन्यांतच ती जागा पुन्हा अरुंद होई. आकसणे थांबावे म्हणून १९८६ साली तुलूझ येथे झाक प्युएल यांनी आणि लोझान येथे उलरिख सिग्वार्ट यांनी धातूची जाळी आत कायमची ठेवली. पुढच्या दशकात हैदराबादेत डॉ. सोमा राजू व अब्दुल कलाम यांनी स्वस्त देशी स्टेंट घडवला.

आकसणे थांबले, पेशींची वाढ थांबली नाही. म्हणून जाळीवर औषधाचा लेप आला. २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फेरअरुंदी झपाट्याने घटली. पण जे औषध वाढ रोखते, तेच जखम भरणेही लांबवते. धातू अस्तराविना रक्तात उघडा राहिला, तर वर्षानंतरही त्यावर गुठळी धरू शकते. २००६ मध्ये बार्सेलोनाच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत यावरून खळबळ उडाली, आणि ती योग्यच होती: फेरअरुंदी बहुधा छातीत दुखून सूचना देते, गुठळी मात्र एकाएकी जीव घेऊ शकते. रक्त गोठण्याविरुद्धच्या गोळ्या लांबल्या त्या इथे. पुढे जाळीची तारही १४० मायक्रॉनवरून सुमारे ८० वर आली. जाड तारेमागे रक्तप्रवाह मंदावतो, भोवरे पडतात. माझ्यासारख्याला यातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. विरघळणारा 'अ‍ॅब्सॉर्ब' स्टेंट मात्र जाड तारांचा होता, गुठळ्यांचे प्रमाणही त्यात अधिक आढळले. २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली.

मधुमेह हा सर्वांत चिवट धोका. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखाली १,८३० भारतीय मधुमेही रुग्णांवर झालेला 'टक्सेडो' अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेंट घातलेल्या धमनीतला उपचार वर्षभरात फसण्याचे प्रमाण पॅक्लिटॅक्सेलच्या स्टेंटमध्ये ५.६ टक्के, तर एव्हेरोलिमसच्या स्टेंटमध्ये २.९ टक्के होते. लेपातले औषध बदलल्याने एवढा फरक! २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तेव्हा चर्चा झाली ती पैशांचीच.

काकांना मी २०११ चा 'प्रॉस्पेक्ट' अभ्यास सांगितला. पुढच्या तीन वर्षांतला हृदयाचा त्रास स्टेंट घातलेल्या जागी आणि ज्यांना हातही लावला नव्हता अशा जागी जवळजवळ सारखाच उद्भवला होता. डब्यातली कोलेस्टेरॉलची गोळी त्या दुसऱ्या जागांसाठीही असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक की दोन आणि किती काळ, हे रक्तस्रावाचा धोका तोलून डॉक्टर ठरवतात. ते आपल्या मनाने थांबवायचे नसते.

काकांनी डबा उचलला. खिशातल्या तंबाखूच्या पुडीचा विषय मीच काढला. त्यावर ते काही बोलले नाहीत.