मोहिनीमागची कमलाबाई

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यातली तारामती स्त्री नव्हती. फाळक्यांनी नायिकेसाठी खूप शोध घेतला, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसून ती भूमिका केली. रंगभूमीवर तेव्हा पुरुषच स्त्रीभूमिका करत, त्यामुळे प्रेक्षकांनाही त्यात वावगे वाटले नाही.

फाळक्यांच्या पुढच्याच चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, हे चित्र पालटले. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. १९०० साली जन्मलेली ही मुलगी तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती.

या मायलेकी हौसेखातर आल्या नव्हत्या. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी पोटासाठी नाटकाची वाट धरली होती. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावणे त्या काळी नाव ठेवण्याजोगे होते. आईच्या मागोमाग कमलाही लहानपणीच रंगमंचावर उभी राहिली. म्हणजे फाळक्यांना नायिका मिळाली ती समाज बदलला म्हणून नव्हे. समाजाची बोलणी आधीच सोसलेल्या घराने दार उघडले, म्हणून मिळाली.

नाटकातून आलेल्या मुलीला मूकपटात एक मोठी अडचण होती. संगीत नाटकात नट ओळखला जाई तो गळ्यावरून. इथे गळ्याचा उपयोगच नाही! चेहरा, हात आणि चाल एवढ्याच भांडवलावर मोहिनी उभी करायची. कथाही तशीच: मोहिनी नाचते, भस्मासुर तिची नक्कल करतो आणि तिच्यासारखा स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. सगळी गोष्ट तिच्या हालचालींवर तोललेली. आज हा चित्रपट पाहायला मिळत नाही, याची हळहळ वाटते.

पुढे कमलाबाईंचा विवाह नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला, पण तरुणपणीच वैधव्य आले. पदरात तीन मुलगे. त्यांनी रंगभूमी सोडली नाही. स्त्रीभूमिका केल्या, पुरुषभूमिकाही केल्या. ज्या रंगभूमीवर पुरुष लुगडे नेसत, तिथेच एक बाई पुरुषवेशात उभी राहून मुले वाढवत होती. ते मुलगे म्हणजे नट चंद्रकांत गोखले आणि तबलावादक लालजी व सूर्यकांत. विक्रम गोखले हे त्यांचे नातू. १९८० च्या 'गहराई' या हिंदी चित्रपटातही कमलाबाई दिसल्या. पुढे रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. 

'पहिली' हा मान एका चित्रपटाने मिळतो. सत्तर-पंच्याहत्तर वर्षे काम करत राहण्याला मात्र वेगळी धमक लागते. कमलाबाईंचे मोठेपण मला या दुसऱ्या गोष्टीत दिसते.

आपल्या काळी सामान्यज्ञानात 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' हा प्रश्न हमखास असे आणि उत्तर आपल्याला आजही पाठ आहे. आपल्यापैकी जे आज शिक्षक आहेत, त्यांना एकच विनंती: त्याखाली आणखी एक प्रश्न घाला, 'त्यात एकही स्त्री का नव्हती?' दुर्गाबाई आणि कमलाबाई ही नावे मुलांपर्यंत त्या प्रश्नातून आपोआप पोहोचतील.